नोंद, खेप आणि बिल

एखादे काम कुठून सुरू होते, कुणाच्या हातातून कुणाच्या हाती जाते, कुठे अडते आणि कशाने संपते हे ठरावीक चिन्हांत मांडले, की त्या कामाचा आराखडा तयार होतो. व्यवस्थापनशास्त्रात त्याला प्रोसेस मॉडेल म्हणतात. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडले. त्यानंतर अशा चिन्हलिप्या अनेक आल्या. सध्या जास्त चालते ती बीपीएमएन. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये निघाली, दुसरी २०११ मध्ये, आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात वर्तुळ म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम, शंकरपाळी म्हणजे फाटा. प्रत्येक स्वतंत्र पक्षाला एक आडवा पट्टा, त्याच्या विभागांना पोटपट्टे. एकाच पट्ट्यातली कामे सलग रेघेने जोडायची. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जातो तो फक्त निरोप, आणि त्याची रेघ तुटक.

एवढे शिकायला एक दुपार पुरते. पुढचा वाद चिन्हांचा नसून काय काढावे आणि काय सोडावे याचा असतो. तो तपासायला साखर कारखान्याची ऊसतोडणी चांगली, कारण तिच्यात शेत, रस्ता, यंत्र, कायदा आणि पैसा हे सगळे एका कामात गुंतलेले असतात. खालच्या संवादात एक बाजू आराखडाकाराची आहे, दुसरी तीस गळीत हंगाम काढलेल्या शेतकी अधिकाऱ्याची. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांची भांडणे खरी आहेत.

शेतकी अधिकारी : काढा आराखडा, आमची ना नाही. पण तो बघणार कोण? संचालक मंडळ, की काट्यावरचा माणूस?

आराखडाकार : साहेब, सगळ्यांना उपयोगी पडेल असाच काढू की.

शेतकी अधिकारी : सगळ्यांसाठी शिवलेला सदरा कुणाच्याच अंगाला बसत नाही.

इथे अधिकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. आराखड्याची सुरुवात वाचक आणि प्रश्न ठरवून होते, चिन्हांकडे नंतर वळायचे. ‘तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत वेळ कुठे जातो?’ हा एक प्रश्न. ‘शेतकऱ्याचे बिल का लांबते?’ हा दुसरा. पहिल्यासाठी वाहनतळावरचा नंबर, काटा आणि गव्हाण बारकाईने काढावी लागते, हिशेब विभाग एका चौकटीत उरकला तरी चालतो. दुसऱ्यासाठी नेमके उलटे. संगणकप्रणाली बांधायची असेल तर तिसराच आराखडा लागतो. त्यात माणसाला सहज कळणारी प्रत्येक गोष्टसुद्धा उघड लिहावी लागते. हे तिन्ही एका कागदावर कोंबले की मंडळाला तो किचकट वाटतो, प्रणाली लिहिणाऱ्याला अपुरा, आणि काट्यावरचा माणूस त्याच्यावर चहाचा कप ठेवतो.

यानंतर हद्द. काम कुठे सुरू होते यावरच दोघांचे पटत नाही.

आराखडाकार : सुरुवात सोपी आहे. शेतकरी लागणीची नोंद देतो, शेवटी बिल खात्यावर जमा होतं. एक सुरुवात, एक शेवट, मध्ये सरळ रेघ.

शेतकी अधिकारी : नोंद एकदा होते. त्याच उसाच्या खेपा किती होतात?

आराखडाकार : वाहनावर अवलंबून.

शेतकी अधिकारी : एकराला चाळीस टन धरा. बैलगाडी दोनेक टन ओढते. म्हणजे वीस खेपा. तुमच्या सरळ रेघेवर त्या कुठे बसवणार? आणि बिल खेपेचं निघत नाही, पंधरवड्याचं निघतं. त्या पंधरवड्यात त्याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या प्लॉटचाही ऊस आलेला असतो.

आराखडे बिघडतात ते बहुधा इथेच, आणि पाठ्यपुस्तके या मुद्द्यावरून फार पटकन पुढे सरकतात. प्रत्येक आराखड्यात एक ‘नग’ फिरत असतो. सुरुवातीच्या वर्तुळातून आत शिरून शेवटच्या वर्तुळातून बाहेर पडेपर्यंत तो नग तोच राहिला पाहिजे. वरच्या सरळ रेघेत तो तीनदा बदलतो: आधी प्लॉट, मग खेप, मग शेतकऱ्याचा पंधरवडा. प्लॉट एक, खेपा वीस, आणि पंधरवड्यात दोन प्लॉटच्या मिळून तीसेक. रेघ सलग दिसते, पण ती धरून चालू लागले की पहिल्या खेपेचे वजन झाल्यावर पुढे बिलाकडे जायचे की परत फडात, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही.

म्हणून हे एक काम नसून तीन कामे आहेत. नोंदीपासून ‘प्लॉट तोडून संपला’ इथपर्यंत एक. गाडी भरण्यापासून रिकाम्या गाडीचे वजन होऊन पावती निघेपर्यंत दुसरे. हे त्याच प्लॉटसाठी पुन्हा पुन्हा घडते. पंधरवडा संपला की सुरू होणारे आणि खात्यावर रक्कम जमा झाल्यावर संपणारे तिसरे. त्यांना जोडणारी रेघ नाही. जोडते ती माहिती. पावतीवर प्लॉटचा नोंद क्रमांक असतो, आणि बिल करणारा त्या क्रमांकांवरून पावत्या गोळा करतो. पावतीवर क्रमांक चुकला तर ऊस दुसऱ्याच्या नावावर जातो. हा धोका सरळ रेघेच्या आराखड्यात दिसतच नाही, तीन आराखडे शेजारी ठेवले की लगेच दिसतो. कुठलाही आराखडा हाती घेतल्यावर ‘इथे फिरणारा नग कोणता?’ हे आधी विचारावे. अर्धे घोळ त्या एका प्रश्नाने उघडे पडतात.

पट्टे कुणाचे काढायचे, हा प्रश्न त्यामानाने सोपा. शेतकी विभागाचे गट ऑफिस, काटा आणि हिशेब विभाग कारखान्याचे, म्हणून ते एकाच पट्ट्यातले पोटपट्टे. शेतकरी आणि तोडणी-वाहतूक ठेकेदार कारखान्याच्या हुकमात नाहीत, म्हणून त्यांचे पट्टे वेगळे आणि त्यांच्याकडे जातो तो निरोप: कारखान्याच्या चिटबॉयने दिलेली चिठ्ठी, टोळीच्या मुकादमाला केलेला फोन. ठेकेदाराच्या टोळीला पोटपट्टा देणे म्हणजे ती सांगितल्या वेळी येतेच असे गृहीत धरणे. ती तशी येत नाही, हे कुठल्याही गट ऑफिसात विचारावे.

पुढचा प्रश्न माहिती कुठून घ्यायची याचा.

आराखडाकार : कामाचे नियम छापलेले आहेत. त्यावरून पहिला मसुदा होईल, मग बैठकीत सगळ्यांना दाखवू.

शेतकी अधिकारी : बैठकीत सगळे नियमच सांगतील. रात्री दोनला काट्यावर उभे राहा, तेव्हा गाड्यांचा नंबर कसा लागतो ते बघा. आणि एक गोष्ट कागदावर येऊ देऊ नका.

आराखडाकार : खुशाली?

शेतकी अधिकारी : तेच. टोळी फडाच्या कडेला बसते, मुकादम शेतकऱ्याशी बोलतो, आणि मग कोयता चालू होतो. चालकाची एन्ट्री वेगळी. ह्याचं चित्र मंडळापुढे ठेवणार का?

आराखडाकार : साहेब, नाही ठेवलं तर शेतकऱ्याचा एक अख्खा दिवस आराखड्यातून गायब होतो.

आहे तसे काम आणि असायला हवे तसे काम यांचे दोन स्वतंत्र आराखडे असतात, आणि ते एकाच कागदावर मिसळणे ही या शास्त्रातली सर्वांत जुनी खोड आहे. मिसळलेल्या आराखड्यात सगळे नियमाप्रमाणे चालते, मग सुधारणेला वाव कुठे आहे ते कळत नाही. खुशालीचा, म्हणजे टोळीने आणि चालकाने शेतकऱ्याकडून वरून घेतलेल्या पैशांचा, पेच मात्र त्यानेही सुटत नाही. आराखडा हे आरोपपत्र नव्हे. पण ‘टोळी फडात पोहोचली’ आणि ‘तोडणी सुरू झाली’ या दोन घटना वेगवेगळ्या काढून मधला वेळ मोजता येतो. वाट पाहण्याला चिन्ह द्यावे आणि तिला कारण चिकटवू नये, एवढे पथ्य पाळले तर मंडळापुढे कागद ठेवता येतो आणि प्रश्न मंडळानेच विचारायचा असतो. हीच गोष्ट वाहनतळावर. काट्यावर वजन घ्यायला काही मिनिटे लागतात, नंबर लागायला तास. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही घटत जातात, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गाळावा असे सांगतात. ज्या आराखड्यात नुसत्या कामांच्या चौकटी आहेत आणि दोन चौकटींमधली थांबण्याची जागा नाही, तो नेमका तोटा लपवतो.

चौकटीत काय लिहावे, यावर फारसा वाद नाही. ‘वजनमाप व्यवस्थापन’ असले नाव कुठल्याच कृतीचे नसते. ‘भरलेल्या गाडीचे वजन घेणे’ असे लिहिले की वस्तू आणि कृती दोन्ही येतात. करणारा कोण ते पोटपट्टा सांगतो. घटना मात्र घडून गेलेल्या रूपात लिहावी: ‘पावती निघाली’, ‘पंधरवडा संपला’. फाट्यावर प्रश्न आणि निघणाऱ्या प्रत्येक रेघेवर उत्तर. कारकुनी मराठीची सवय ‘पडताळणी’, ‘कार्यवाही’, ‘पूर्तता’ अशा शब्दांकडे ओढते. तसा शब्द दिसला की समजावे, तिथे नक्की काय होते ते आराखडाकाराने विचारलेले नाही.

यान मेंडलिंग, हायो रायर्स आणि विल वान देर आल्स्ट यांनी २०१० मध्ये आराखड्यांसाठी सात सूचना प्रसिद्ध केल्या. चिन्हे कमीत कमी ठेवा, एकाच चिन्हातून फुटणाऱ्या वाटा आवरा, एक सुरुवात आणि एक शेवट ठेवा, फाटा जसा फुटला तसाच मिटवा, ‘एक किंवा अनेक’ जातीचा फाटा टाळा, कृती सांगणारी नावे द्या, आणि पन्नासच्या वर चिन्हे गेली की आराखडा तोडून लहान करा.

शेतकी अधिकारी : ‘फुटला तसा मिटवा’ म्हणजे काय, ते काट्यावरच्या भाषेत सांगा.

आराखडाकार : गाडीचा प्रकार विचारला. बैलगाडी असेल तर एक वाट, ट्रॅक्टर असेल तर दुसरी. पुढे दोन्ही वाटा काट्यापाशी एकत्र येतात. तिथे चुकून ‘दोन्हींची वाट पाहा’ हे अधिकचं चिन्ह टाकलं, तर?

शेतकी अधिकारी : तर बैलगाडी ट्रॅक्टरची वाट बघत हंगाम संपेपर्यंत उभी!

आराखडाकार : आणि उलट केलं तर? पावत्या गोळा करणं आणि सोसायटीच्या कर्जाची कपात काढणं एकाच वेळी सुरू केलं, पण पुढे साध्या फाट्याने जोडलं, तर दोन्ही वाटा आपापल्या पुढे जातात आणि एकच बिल दोनदा निघतं.

कागदावर अशी चूक डोळ्यांना खुपत नाही, कारण रेघ तर जोडलेली असते. म्हणून आराखडा पूर्ण झाल्यावर एक नग बोटाखाली धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावा, प्रत्येक फाट्यावर प्रत्येक उत्तरासाठी एकदा. जुने हिशेबनीस खतावणी अशीच बोट ठेवून तपासत.

‘एक सुरुवात, एक शेवट’ ही सूचना मात्र डोळे झाकून पाळण्यासारखी नाही. ऊस गाळपाला गेला, नोंद रद्द झाली, शेतकऱ्याने ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला, हे तीन वेगळे शेवट आहेत आणि कारखान्याला तिन्हींची मोजदाद हवी असते. ते एका वर्तुळात कोंबले तर आराखडा नीटस दिसतो, पण त्यातून काही कळत नाही.

अपवादांवर दोघांची खरी जुंपते.

आराखडाकार : आधी सरळ वाट काढू. अपवाद नंतर.

शेतकी अधिकारी : आमचं सरळ वाटेचं काम चिटबॉयही करतो. मला फोन येतो तो जळीताचा. रात्री फडाला आग लागली, की सकाळचा कार्यक्रम गेला. तो ऊस आधी तोडायचा, बाकीच्यांची पाळी मागे. पाऊस झाला की गाड्या शेतातून निघत नाहीत. गाळप थांबलं की वाहनतळ भरतो आणि तोड थांबवावी लागते. तुमच्या चित्रात हे नसेल तर चित्र कुणाचं आहे?

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. सरळ वाट आधी काढावी हे खरे, नाहीतर अपवाद कशाला लटकवायचे ते कळत नाही. पण सगळे अपवाद एका जातीचे नसतात. गाडी पंक्चर झाली तर चालक ती दुरुस्त करतो आणि नंबर पुन्हा धरतो. हे आराखड्यात काढायची गरज नाही. जळीत मात्र चालू कामाच्या मध्ये घुसतो, दुसऱ्यांची पाळी बदलतो आणि पुढे बिलात कपातीचा नियम लावतो. बीपीएमएनमध्ये त्यासाठी कामाच्या चौकटीच्या कडेवर बसणारी घटना आहे: ती घडली की चालू काम सुटते आणि वेगळी वाट सुरू होते. निवड करताना कसोटी एकच पुरते. त्या अपवादाने काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाते का, किंवा पैसा बदलतो का? बदलत असेल तर काढावा.

तोडणीचा कार्यक्रम कसा लागतो, हे काढताना आराखडाकाराचा हात सर्वांत जास्त वळवळतो. आडसाली उसाचे वय किती, खोडवा कधीचा, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स किती दाखवतो, रस्ता कसा आहे, टोळी जवळपास कुठे आहे. प्रत्येकासाठी एक शंकरपाळी काढली तर भिंत भरते.

शेतकी अधिकारी : माझ्या डोक्यातलं तुम्ही शंकरपाळ्यांत काढणार?

आराखडाकार : नाही साहेब. एक चौकट: ‘तोडणीचा क्रम ठरवणे’. आत काय विचार होतो ते शेजारच्या तक्त्यात. जे नियमाचं आहे ते तक्त्यात, जे तुमच्या नजरेचं आहे ते तुमच्याकडे.

शेतकी अधिकारी : मग मी निवृत्त झाल्यावर?

आराखडाकार : तेवढ्यासाठी एक हंगाम कुणाला तरी तुमच्याबरोबर फिरवायला हवं. चित्र ते काम करणार नाही.

निर्णय आणि प्रवाह वेगळे ठेवावेत, ही गेल्या दशकातली महत्त्वाची सुधारणा. त्यासाठी डीएमएन नावाची वेगळी लिपी २०१५ मध्ये आली. तिच्यात नियम तक्त्यात लिहितात आणि आराखड्यात त्या तक्त्याचे नाव तेवढे येते. याचा फायदा नियम बदलतो तेव्हा दिसतो. १०.२५ टक्के साखर उताऱ्याला २०२४-२५ च्या हंगामासाठी टनाला ३,४०० रुपये असलेली एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, पुढच्या हंगामाला ३,५५० झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ती दोन हप्त्यांत देण्याची वाट काढली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. काटा, पावती, कपात, बँक यांच्या क्रमात यातल्या कशानेही फरक पडला नाही. ज्याने दर आणि हप्ते आराखड्याच्या फाट्यांत कोरले असतील त्याला दर वेळी सगळे पुन्हा काढावे लागणार. तक्ता वेगळा असेल तर एक ओळ बदलते.

राहिला वेळ. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज लागते. आराखडाकाराने बिलाच्या आराखड्यात घड्याळाची दोन चिन्हे काढली: एक पंधरवडा संपल्याचे, एक चौदा दिवसांचे.

आराखडाकार : साहेब, एक तारखेला आलेल्या उसाची मुदत पंधराला संपते. आणि बिल करायला आपण सोळाला बसतो.

शेतकी अधिकारी : हिशेब विभाग दोन दिवसांत बिल काढतो. त्यांचा खोळंबा नाही.

आराखडाकार : त्यांचा नाहीच. ते बसतात त्याआधीच पहिल्या खेपेची मुदत गेलेली असते.

शेतकी अधिकारी : म्हणजे माणसं कितीही पळवली तरी…

आराखडाकार : तरी पहिल्या दिवसाची खेप उशिरातच. बिलाचा काळ लहान करावा लागेल, म्हणजे आठवड्याला बिल काढावं लागेल.

इथे आराखडाकाराची बाजू वर येते. तीस हंगाम काम केलेल्या माणसालाही हे दिसले नव्हते, कारण त्याच्या रोजच्या कामात खेप असते आणि हिशेब विभागाच्या कामात पंधरवडा. दोन घड्याळे एकाच कागदावर कधी आली नव्हती. कामाची गती वाढवून जो दोष जात नाही, तो बांधणीतला असतो, आणि बांधणी दिसायला चित्र लागते.

संगणकी काट्यांमुळे आता आणखी एक आधार मिळतो. प्रत्येक वजनाची वेळ नोंदली जाते, आणि त्या नोंदींतून कामाची खरी वाट काढण्याचे तंत्र, प्रोसेस मायनिंग, चांगले रुळले आहे. त्याने आराखडा ताडून पाहावा. पण नोंद होते ती काट्यापासून; फडाच्या कडेला टोळी किती वेळ बसली, हे काट्याला माहीत नसते. शिवाय गाडी सहा तास उभी होती हे नोंद सांगते, का उभी होती ते सांगत नाही.

शेवटची बाब देखभालीची. आराखड्यावर तारीख, आवृत्ती आणि त्याची जबाबदारी असलेल्या एका पदाचे नाव असावे, समितीचे नसावे. साखर कारखान्याला बिगर हंगामात यंत्रांची दुरुस्ती करायला सवड मिळते, तीच वेळ आराखड्याचीही.

शेतकी अधिकारी : हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायच्या आधी तुमचा कागद काट्यावर लागला पाहिजे. आणि एवढा मोठा नको, तिथे भिंतीला कॅलेंडरही आहे.

आराखडाकार : खेपेचा तेवढा लावू. पंधरा चौकटी आहेत.

शेतकी अधिकारी : आणि त्याच्या खाली एक पेन बांधा दोरीने. काटेवाला चूक दाखवेल ती त्याच कागदावर लिहू दे.